खाडीच्या अंगाने ठाणं बघताना

शुक्रवार

ऑफिस सुटल्यावर नेरूळहून ट्रान्सहार्बर लोकल पकडली. घणसोली, रबाळे, ऐरोली, दिघा झालं की ठाणं यायच्या जरा आधी गाडी खाडीवरून जाते, पन्नास-साठ सेकंदांचा मामला, पण या वेळी मी मुद्दाम खिडकीची जागा धरून बसले होते कारण अख्खा विकेंड फिरायचं होतं ते या पाण्याच्या नावानेच. ठाण्यातला एक हौशी ग्रुप जुन्या ठाण्यात हेरिटेज वॉक काढतो, शनिवारचा वॉक होता आणि विषय होता "बंदर ठाणे". तलावांचं ठाणं माहीत होतं, पहिल्या रेल्वेचं माहीत होतं, नाट्यवेड्या लोकांचं माहीत होतं. बंदराचं मात्र तुकड्या-तुकड्यानेच ऐकलं होतं.

मुक्काम मावशीकडे, चराईत. मावशी जन्मापासून ठाण्याची, सत्तरी ओलांडलीये पण चालायला माझ्यापेक्षा खमकी, आणि तिने आधीच डिक्लेअर केलं होतं की ती पण येणार. संध्याकाळी चहा पिऊन दोघी तलावपाळीला गेलो. शुक्रवार संध्याकाळ म्हणजे तिथे पाय ठेवायला जागा नसते, भेळवाले, फुगेवाले, बोटींगची रांग, कठड्यावर बसलेली पोरं. तिथून जांभळी नाक्याच्या बाजूने कोपिनेश्वरात गेलो. मूळ देऊळ शिलाहारांच्या काळातलं मानतात, आज दिसतं ते १७६० साली सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी जीर्णोद्धार केलेलं. गाभाऱ्यात उतरून पिंडीसमोर उभं राहिलं की पहिल्यांदा तिचा आकारच अंगावर येतो, चार फुटांच्या वर उंची आहे, एवढी मोठी पिंड मी तरी दुसरीकडे बघितलेली नाही. पाडव्याची स्वागतयात्रा इथूनच निघते.

बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, "इथून पाच मिनिटं चाललीस तर चर्च, दहा मिनिटं चाललीस तर पारशांची अग्यारी, आणि पुढे ज्यूंचं सिनेगॉग. आम्ही शाळेत असताना हे सगळं एकाच रस्त्यावरचं वाटायचं." मी विचारलं, पण एवढे सगळे लोक इथेच कसे काय जमले? तर म्हणे, उद्या वॉकच्या बाईंना विचार.

शनिवार

सकाळी सात वाजता सेंट्रल जेलजवळ जमायचं होतं. वीसेक जण असतील, दोन कॉलेजची मुलं, एक रिटायर्ड जोडपं, घोडबंदर रोडच्या टॉवरमधून आलेल्या काही मैत्रिणी ज्या इतकी वर्षं ठाण्यात राहून स्टेशनच्या या बाजूला कधी आल्याच नव्हत्या, आणि मावशी. गाईड ताई इतिहास शिकवतात. हातात माईक नाही, स्लाईड नाही, एक कापडी पिशवी आणि त्यात नकाशाच्या झेरॉक्स. त्यांनी पहिली गोष्ट काय केली तर सगळ्यांना जेलकडे पाठ करून उभं केलं आणि म्हणाल्या, खाडी कुठल्या बाजूला आहे ते हात करून दाखवा. हात सगळ्या दिशांना गेले.

त्यावर त्या हसल्या नाहीत. शांतपणे झेरॉक्स वाटली. नकाशात साष्टी बेट, पश्चिमेला समुद्र, उत्तरेला उल्हास नदीचं मुख आणि वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, आणि या दोन पाण्यांच्या सांध्यावर ठाणं. त्यांनी समजावलं की नाशिककडून थळ घाटाने माल कल्याणला उतरायचा, तिथून होड्यांनी खाली, आणि समुद्रातून आलेली गलबतं एकतर वसईच्या बाजूने नाहीतर आजच्या मुंबई बंदराच्या बाजूने वर यायची. मधे आडोसा, वादळाची भीती कमी, गोडं पाणी भरपूर. मुंबई ही नुसती सात बेटं होती तेव्हापासून इथे जहाजं लागत होती. इ.स. ६३६ च्या सुमाराला बहारीनच्या अरब सुभेदाराने ठाण्यावर आरमार पाठवल्याची नोंद अरबी इतिहासात आहे. अल-बिरुनी ठाण्याला कोकणाची राजधानी म्हणतो. मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या शेवटी ठाण्याच्या राज्याबद्दल लिहिलंय की इथून कातडी आणि सुती कापड बाहेर जातं, आणि इथले चाचे राजाशी करार करून असतात, लुटीतले घोडे राजाचे आणि बाकी माल चाच्यांचा! कारण घोडे इथे पैदा व्हायचे नाहीत, सगळे अरबस्तानातून समुद्रमार्गे यायचे. कॉलेजमधल्या एका मुलाने हे ऐकून वहीत लिहून घेतलं, मी पण.

मग जेलकडे तोंड केलं. हा मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० ला बांधायला घेतला आणि काम पुरं व्हायच्या आत १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, तिथूनच साष्टीची मोहीम पेटली आणि १७३९ ला वसई पडली. पुढे १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणं घेतलं ते परत दिलंच नाही. १७८७ मध्ये किल्ल्यात पाया खणताना एक ताम्रपट सापडला, शिलाहार राजा अरिकेसरीचा, १०१७ सालचा. म्हणजे इंग्रज मजूर लावून स्वतःची इमारत उभी करतायत आणि पायाखालून पावणेआठशे वर्षांपूर्वीचं दानपत्र वर येतंय. मला त्या क्षणाचं फार अप्रूप वाटलं.

याच किल्ल्यात पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेत होते आणि १८१६ ला निसटले. आत पहारा गोऱ्या शिपायांचा, त्यांना मराठी येत नाही, आणि एका साहेबाकडे नोकरीला लागलेला मराठा मोतद्दार घोड्याला खरारा करता करता खिडकीखाली गाणी म्हणायचा. गाण्यात पळून जायचा सगळा बेत! पहारेकरी ऐकतायत आणि काही कळत नाहीये. ताईंनी हे इतकं रंगवून सांगितलं की समोरच्या टपरीवरचे दोन रिक्षावाले पण येऊन उभे राहिले.

आणि १९ एप्रिल १९१० ला इथेच अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिलं, नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी. कान्हेरे तर विशीच्याही आतले. इथे कुणी काही बोललं नाही, रिटायर्ड काकांनी भिंतीकडे बघून हात जोडले.

माझं स्पष्ट मत आहे की ही जागा लोकांना बघायला मिळायला हवी. जेल दुसरीकडे हलवता येतं, किल्ला नाही हलवता येत. आणि किमान बाहेर एक मोठी पाटी तरी हवी, मराठीत, की इथे काय काय घडलंय. आम्हाला तरी अख्ख्या वॉकमध्ये बंदराचा उल्लेख असलेली एकही पाटी दिसली नाही.

जवळच सेंट जेम्स चर्च आहे, इंग्रजांचं, १८२५ ला बिशप हेबर यांच्या हस्ते प्रतिष्ठित झालेलं. डेंगळ्यांच्या सुटकेची ती गाण्याची गोष्ट लिहून ठेवणारे हेच बिशप. तिथे फार थांबलो नाही, कारण पुढे टेंभी नाका होता आणि ऊन चढायला लागलं होतं.

टेंभी नाका म्हटलं की ठाणेकरांना नवरात्रातली देवी आठवते. पण नाक्यावर उभं राहून नुसती मान फिरवली तरी काय काय आहे बघा. पटेल अग्यारी, १७८० ची. कावसजी रुस्तमजी पटेल यांनी बांधली, मुंबईतल्या सी. पी. टँकमधले सी. पी. ते हेच. इंग्रजांना साष्टी बेट नवीन मिळालं होतं, जुन्या लढायांनी गावं ओस पडलेली, तेव्हा ठाणं आणि आसपासच्या बंदरांची पाटीलकी कावसजींकडे आली आणि त्यांच्यामागून पारशी कुटुंबं. अग्यारीत पारशांखेरीज कुणाला जाता येत नाही, आम्ही फाटकाबाहेरूनच बघितली. आतून एक म्हातारे गृहस्थ आले, मावशीला ओळखीचं हसले, "केम छो" झालं, मावशीने मराठीत उत्तर दिलं, त्यांनी गुजरातीत, आणि दोघांचं गुडघेदुखीवर दहा मिनिटं व्यवस्थित बोलणं झालं.

इथेच मुनिसुव्रतस्वामींचं जैन देरासर. आतलं कोरीवकाम आणि रंग बघायलाच अर्धा तास हवा. भिंतींवर श्रीपाल राजाची कथा आहे आणि ती कथा ठाण्याची आहे हे मला नवीन होतं. धवल शेठ नावाचा व्यापारी श्रीपालला भर समुद्रात जहाजावरून ढकलून देतो, श्रीपाल मगरीच्या पाठीवर बसून ठाण्याच्या किनाऱ्याला लागतो आणि इथल्या राजाचा जावई होतो. म्हणजे गुजराती जैन घरांत आयंबिलच्या ओळीत, म्हणजे नऊ दिवसांच्या व्रतात, जी कथा वाचतात तिच्यातही ठाणं येतं ते बंदर म्हणूनच. जहाज, व्यापारी, दगा, किनारा.

आणि मग सिनेगॉग. शाआर हशामाईम, १८७९. परवानगी आधीच काढलेली होती, आधार कार्ड दाखवून आत गेलो, पुरुषांनी डोकं झाकलं. मधे प्रार्थना चालवणाऱ्याचा लाकडी चौथरा, पश्चिमेच्या भिंतीत तोराह, म्हणजे त्यांचा धर्मग्रंथ ठेवलेलं कपाट, कारण जेरुसलेम इथून पश्चिमेला, वर बायकांसाठी गॅलरी. तिथले जे काका माहिती देत होते त्यांचं मराठी ऐकून वाटलं हे अलिबाग-पेण बाजूचे, आणि खरंच मूळ गाव तिकडचंच निघालं. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांची पिढीजात गोष्ट अशी की पूर्वज नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचले, मग कुलाब्याच्या गावागावांत तेलाच्या घाण्या चालवल्या, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक शनवार तेली म्हणायला लागले. आडनावं रोहेकर, पेणकर, किहीमकर. पुढे फौज, सरकारी नोकऱ्या, रेल्वे यामुळे मुंबई-ठाण्याला आले, आणि आज देशातली त्यांची सगळ्यात मोठी वस्ती जिथे आहे त्यात ठाण्याचं नाव पहिलं घेतात.

मलिद्याबद्दल मी खोदून खोदून विचारलं. गोड पोहे, ओलं खोबरं, गूळ, सुका मेवा, वर फळं, संदेष्टा एलियाहू हन्नाबीच्या नावाने ताट मांडायचं, लग्न असो, नवीन घर असो, नवस असो. पोहे-खोबरं-गूळ म्हणजे कोकणातल्या कुठल्याही घरात सापडणारं सामान, आणि प्रार्थना हिब्रूत. काका म्हणाले, आमच्यात पूर्वी बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं व्हायची, बुवा उभे राहायचे, पेटी-तबला सगळं.

मावशी तोपर्यंत गप्प होती. मग तिने काकांना विचारलं की चराईत आमच्या गल्लीत अमुक आडनावाचं कुटुंब होतं, त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, सातवीनंतर इस्राएलला गेली, तुम्हाला काही माहिती? काकांना आडनाव माहीत होतं, कुटुंब नव्हतं. पण त्यांनी नाव-पत्ता लिहून घेतला आणि म्हणाले, तिकडे आमचे मराठी लोक अजून एकमेकांना धरून आहेत, विचारून बघतो ताई. मावशीने दोनदा स्पेलिंग तपासून घेतलं.

तिथून बाजारात, जामा मशिदीवरून. आत गेलो नाही, नमाजाची वेळ होत आली होती, पण ताईंनी बाहेर थांबवून महागिरी आणि राबोडी या वस्त्यांबद्दल सांगितलं. महागिरी खाडीला लागून, तिथे मुसलमान मोहल्ला आणि कोळीवाडा अंगाला अंग लावून आहे. ठाणं एकेकाळी रेशमी आणि सुती विणकामासाठी नावाजलेलं, त्यात मुसलमान विणकर होते तसे ख्रिस्ती विणकरही होते, आणि हे कापड बंदरातून बाहेर जायचं.

शेवटचा थांबा सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च, तलावपाळीला. पोर्तुगीज काळातला पॅरिश. इथले जुने ख्रिस्ती म्हणजे ईस्ट इंडियन, मूळचे इथलेच भूमिपुत्र, १८८७ ला व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी त्यांनी हे नाव घेतलं. आमच्या ग्रुपमध्ये एक ईस्ट इंडियन ताई होत्या, त्यांनी बॉटल मसाल्यावर जे काही सांगितलं ते ऐकून सगळ्यांना भूक लागली.

पण इथे गाईड ताईंनी जी गोष्ट सांगितली ती पोर्तुगीजांच्याही दोनशे वर्षं आधीची. १३२१. फ्रान्सिस्कन पंथाचे चार ख्रिस्ती साधू हॉर्मुझहून जहाजाने निघाले, जायचं होतं चीनला, वाटेत केरळात कोल्लमला उतरणार होते, वाऱ्याने जहाज ठाण्याला आणलं. ठाण्यात तेव्हा दिल्लीच्या सुलतानाचा अंमल, आणि गावात पंधरा घरं नेस्टोरियन ख्रिश्चनांची! त्यातल्या एका घरी ते उतरले. पुढे काझीसमोर धर्मावरून वाद झाला आणि चौघंही मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डनस तेव्हा दुसरीकडे गेला होता, त्याने परत येऊन अवशेष सोपाऱ्याला नेऊन पुरले. थोड्याच वर्षांत ओडोरिक नावाचा साधू आला, ती हाडं उकरून जहाजावर घातली आणि थेट चीनमधल्या झैतून बंदरात पोचवली. या ओडोरिकने ठाण्याबद्दल आणखी एक लिहून ठेवलंय, इथले उंदीर कुत्र्याएवढे असतात, मांजरांचं त्यांच्यापुढे काही चालत नाही, कुत्रेच त्यांना धरतात. ज्याने बाजारपेठेत घूस बघितलीये त्याला पटेल!

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त ती पंधरा घरं धरून राहिली. सातशे वर्षांपूर्वी इथे इराणकडच्या परंपरेतले ख्रिश्चन कुठल्या तरी आळीत राहत होते, पाहुणे आल्यावर त्यांनी दार उघडलं. एवढे सगळे लोक इथेच कसे जमले, या माझ्या कालच्या प्रश्नाचं उत्तर तेच. कुणी धर्म घेऊन आलं, कुणी घोडे, कुणी कापड न्यायला, कुणाचं जहाजच वाऱ्याने लागलं, पण आले ते पाण्यातून आले आणि उतरले इथे. नंतर गाळ साठत गेला, जहाजं मोठी झाली, इंग्रजांनी मुंबई वाढवली, मग रेल्वे आली, आणि ठाण्याने खाडीकडे पाठ केली. टेंभी नाक्यावर उभं राहून आज पाणी दिसत नाही, त्याचा वाससुद्धा येत नाही.

वॉक संपल्यावर मामलेदार मिसळ. मीडियम सांगितली, मावशीने तिखट. दुपारभर झोप.

रविवार

ताईंनी सांगितलं होतं की बंदर बघायचंच असेल तर चेंदणी कोळीवाड्यात जा, वॉकमध्ये ते बसत नाही. सकाळी दोघीच गेलो. वाटेत स्टेशन. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली गाडी, १४ डबे, चारशेच्या आसपास माणसं, साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं, ३४ किलोमीटर, ५७ मिनिटं. हे सगळ्यांना पाठ असतं. चेंदणीत गेल्यावर त्याची दुसरी बाजू दिसते, रुळांनी कोळीवाडा दोन्हीकडे वाटला गेला, थोडा पश्चिमेला, थोडा पूर्वेला. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ ला, खाडीवरून पूल होऊन गाडी कल्याणला गेली. जो माल होडीने यायचा तो डब्यातून यायला लागला.

पूर्वेला मीठबंदर रोडने खाली गेलो. अरुंद गल्ल्या, दारात तुळस, मधेच एखादं कौलारू घर आणि बाजूला चार मजली बिल्डिंग, सुकायला टाकलेलं जाळं. एक आजी दारात चिंबोऱ्या बांधत बसल्या होत्या. मावशीने भाव विचारला आणि गप्पा सुरू झाल्या. आजी म्हणाल्या, "पूर्वी दारात उभं राहून बोयटं, कोळंबी, निवट्या, काय पाहिजे ते. आता पोरांना लांब जायला लागतं आणि जाळ्यात पिशव्या जास्त येतात." खाडीच्या पलीकडे बेलापूर पट्टीत कारखाने आले, दोन्ही काठांचं सांडपाणी आलं, मासा गेला. मी त्याच पलीकडच्या काठावर राहते, नवी मुंबईतली कितीतरी गावं पण अशीच कोळी-आगरी गावं, दिवा, घणसोली, वाशी, सारसोळे. आजींची नणंद दिव्याला दिलेली, लग्नाचं वऱ्हाड होडीतून आलं होतं म्हणाल्या. नारळी पौर्णिमेला मात्र अजून मिरवणूक निघते, सोन्याचा मुलामा दिलेला नारळ खाडीला देतात, तेव्हा या म्हणाल्या.

बंदरावर पोचलो तर ओहोटी. चिखल, कांदळवन, काठाला टेकलेल्या चार-पाच होड्या. आणि तरी त्या जागेवर उभं राहिल्यावर कालचा नकाशा डोळ्यांसमोर नीट बसला, पाणी कुठून येतं, कुठे जातं, किल्ला कुठे. खरं सांगायचं तर वॉकची सुरुवात इथून व्हायला हवी, ताईंना मेसेज करून सांगितलं पण.

दुपारी मावशीला घेऊन ऐरोलीला गेलो, तिथल्या सागरी जैवविविधता केंद्रातून खाडीत बोट जाते. भरती लागल्यावरच सोडतात. बोट चालवणारा दादा गावातलाच कोळी, त्याला पाण्याखालचा चिखल कुठे उंच कुठे खोल ते पाठ. पंधरा मिनिटांत गुलाबी पट्टा दिसायला लागला, फ्लेमिंगो, आपले रोहित पक्षी, लहान आणि मोठे दोन्ही जातीचे, हजारोंनी. १९९० च्या दशकापासून ते इथे मोठ्या संख्येने यायला लागले, सांडपाण्याने जे शेवाळ माजलं त्यावर पोसले जातात. २०१५ ला अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ ला महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव गेलं. मावशीने आयुष्य ठाण्यात काढलं पण खाडीतून ठाणं कधी बघितलं नव्हतं. ती पक्ष्यांपेक्षा काठाकडेच जास्त बघत होती, आणि दादाला विचारत होती की इथून बोट थेट चेंदणीला नेता येईल का. दादा म्हणाला, "भरतीत येईल की मावशी, आमचे आजोबा जायचेच."

कुणाला जायचं असेल तर: सिनेगॉगची परवानगी निदान आठवडाभर आधी काढा आणि शनिवारी प्रार्थना असते त्यामुळे वेळ विचारूनच जा, आम्हाला ग्रुपमुळे सकाळची थोडी वेळ मिळाली होती. अग्यारीत आत जायचा हट्ट करू नका, जेलसमोर फोटो काढू नका. देरासरात चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवा. चेंदणीला सकाळी लवकर, मासळी उतरते तेव्हा. फ्लेमिंगो नोव्हेंबरनंतर ते मे पर्यंत, बोटीचं बुकिंग भरतीच्या वेळा बघून करा, आणि घरात कुणी जुनं ठाणेकर असेल तर त्यांना बरोबर न्या, अर्धी माहिती गाईडकडून मिळते आणि अर्धी त्यांच्याकडून. मावशीची बोटीची पुढची चौकशी चालू आहे, चेंदणी ते ऐरोली, ग्रुपच्या ताईंनाही तिने फोन केलाय.